साखरेच्या बेटावरचा खाडा

मॉरिशसच्या उसाच्या फडात सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात ते दगड. काळ्या कातळाचे गोटे रचून केलेले ढीग. काही लांबलचक बांधासारखे, काही चौकोनी आणि पायऱ्यापायऱ्यांचे, दोन-तीन पुरुष उंचीचे. ऊस त्यांच्या चहूबाजूंनी लावलेला. दक्षिणेकडे प्लेन मान्याँ गावाजवळचे ढीग तर इतके रेखीव आहेत की हौशी संशोधकांनी त्यांना प्राचीन पिरॅमिड ठरवून टाकलं. मी साखर कारखान्यातला माणूस. नोकरीची सगळी वर्षं सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्यांच्या लॅबोरेटरीत गेली, शेवटची चीफ केमिस्ट म्हणून. मला त्या ढिगांत फक्त मजुरी दिसली. नांगर चालावा म्हणून एकेक गोटा कुणीतरी वाकून उचलला, वाहिला आणि रचला. तो माणूस कोण, कुठल्या गावचा, महिन्याला किती रुपयांवर आणि एक दिवस गैरहजर राहिला तर त्याचं किती कापलं जाई, हे त्या बेटावरच्या सरकारी दप्तरात लिहिलेलं आहे. माझा सगळा ओढा त्या दप्तराकडे आहे.

दगडाची गोष्ट आधी उरकतो, कारण ती आपलीही आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त झोतातून लाव्हा वर येऊन आपलं दख्खनचं पठार झालं, त्याच झोतानं पुढे हिंदी महासागरात ही बेटं उभी केली, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, झोत जागच्या जागी राहिला. वाटेत लक्षद्वीप, मालदीव, छागोस अशी रांग तयार झाली, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस झालं, आणि आज तोच झोत शेजारच्या रेयुनियन बेटावर ज्वालामुखीच्या रूपानं जागा आहे. म्हणजे रत्नागिरी-साताऱ्याकडून गेलेल्या मजुराच्या हाताखाली तिथे आला तो त्याच्या ओळखीचाच काळा पत्थर. त्याला अर्थातच हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी गोटा हलका झाला नसता.

बेट लहान आहे. लांबी ६५ किलोमीटर, रुंदी ४५; क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर. मादागास्करच्या पूर्वेला आठ-नऊशे किलोमीटरवर. रोद्रीग आणि आगालेगा ही बेटं धरूनही सगळं प्रजासत्ताक २,०४० चौरस किलोमीटरच्या पुढे जात नाही. मधे पठार, कडेला तुटके डोंगर, सगळ्यात उंच शिखर ८२८ मीटर. किनाऱ्याभोवती प्रवाळाचं कडं. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा धोका. इथे ऊसच का टिकला, याचं उत्तर त्या वादळांत आहे. वादळ आलं की कॉफी, लवंग, कापूस मुळासकट जातात. ऊस आडवा होतो, उतारा पडतो, पण उसाचं बेट मरत नाही आणि खोडवा पुन्हा फुटतो. तिथले शेतकरी एका लागणीवर सहा-सात खोडवे सहज घेतात. आपल्याकडे तिसऱ्या खोडव्याला लोक नाक मुरडतात. दक्षिण गोलार्ध असल्यामुळे त्यांचं गाळप जूनमध्ये सुरू होतं आणि डिसेंबरच्या सुमारास संपतं. आमची धुराडी थंड असताना त्यांची पेटलेली असतात.

माणूस या बेटावर कायमचा राहायला आला तो फार उशिरा. डच १५९८ साली आले आणि आपल्या राजपुत्राचं, मॉरिसचं, नाव देऊन गेले. १६३८ मध्ये त्यांनी पहिली वसाहत केली. त्यांनी आबनुसाचं काळं लाकूड तोडलं, जावाहून हरणं आणि ऊस आणला, उसाची आरक गाळली. त्यांच्याच काळात डोडो नावाचा न उडणारा पक्षी पृथ्वीवरून संपला. १७१० साली वादळं, उंदीर आणि तोटा यांना कंटाळून ते निघून गेले. मग १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट घेतलं. त्यांचा गव्हर्नर माहे द लाबूर्दोने १७३५ साली आला. त्यानं पोर्ट लुई बंदर बांधलं, पाँडिचेरीहून कारागीर नेले आणि त्याच्याच काळात व्हिलबागला साखरेचा कारखाना उभा राहिला. मद्रास इंग्रजांकडून १७४६ मध्ये जिंकून घेणारा तो हाच. शेतात राबायला मादागास्कर आणि मोझांबिकहून गुलाम आणले जात. ऑगस्ट १८१० मध्ये ग्राँ पोरच्या आरमारी लढाईत इंग्रज हरले, म्हणून पॅरिसच्या विजयकमानीवर त्या लढाईचं नाव कोरलेलं आहे. पण डिसेंबरात मुंबई, मद्रास, बंगालहून आणलेल्या फौजा उतरवून इंग्रजांनी बेट घेतलंच. शरणागतीच्या अटींत रहिवाशांचा धर्म, कायदे आणि रिवाज जसेच्या तसे राखण्याचं वचन होतं. त्यामुळे राज्य इंग्रजांचं, आणि मळे, भाषा, दिवाणी कायदा फ्रेंचांचा, ही जोडी दीडशे वर्षं टिकली.

खरा इतिहास सुरू होतो १८२५ साली, आणि तोही लंडनच्या जकात नाक्यावर. तोवर वेस्ट इंडीजच्या साखरेला इंग्लंडात सवलतीची जकात होती, मॉरिशसच्या साखरेला जास्त. त्या वर्षी ती सारखी केली. इतर पिकं मोडून सगळं बेट उसाखाली गेलं आणि १८५०च्या दशकात उत्पादन एक लाख टनांच्या पुढे पोचलं. अडीचशेहून अधिक गिरण्या होत्या तेव्हा एवढ्याशा बेटावर. आज हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात. याच बेटावरून कॅप्टन स्लीमननं, ठगांच्या बंदोबस्तासाठी आपल्याला माहीत असलेल्या त्याच स्लीमननं, १८२७ साली ओटाहिटी जातीचा जाड ऊस भारतात आणला. बेणं तिकडून इकडे आलं आणि सात वर्षांत माणसं इकडून तिकडे जायला लागली.

त्याचं कारण असं की १ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथली गुलामी कायद्यानं संपली. ब्रिटिश सरकारनं नुकसानभरपाई दिली, वीस लाख पौंडांहून जास्त. ती मिळाली मालकांना. गुलामांना मिळाली ‘उमेदवारी’, म्हणजे त्याच मालकाकडे आणखी काही वर्षं काम. तीही १८३९ मध्ये संपली, तेव्हा बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. कोण नाही फिरवणार? नैऋत्येच्या ल मॉर्न डोंगराच्या कड्यात पळालेले गुलाम लपून राहत. मुक्तीची बातमी सांगायला आलेल्या शिपायांना पाहून ते धरायला आले असं समजून त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

मालक मात्र आधीच तयारीत होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. करार पाच वर्षांचा, पुरुषाला महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ आणि कापड असा शिधा. पुढच्या पाऊणशे वर्षांत अशा करारावर सुमारे साडेचार लाख भारतीय त्या बंदरात उतरले. १८६१च्या खानेसुमारीत बेटावरच्या तीन लाख दहा हजार माणसांत एक लाख ब्याण्णव हजार भारतीय होते. जगाच्या इतिहासात एवढ्या कमी वेळात एखाद्या देशाची माणसं अशी बदलल्याची उदाहरणं थोडी असतील, आणि कारण एकच: साखरेचा भाव तेजीत होता.

या साडेचार लाखांत बहुसंख्य बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशाकडचे भोजपुरी बोलणारे, मग तमिळ आणि तेलुगू. मुंबई बंदरातून गेलेले दहातला एकही नसतील. ते प्रामुख्यानं रत्नागिरी जिल्ह्यातले, ज्यात तेव्हा मालवणही येई, आणि काही घाटावरचे. तिथे त्यांना नाव पडलं ‘बोंबाय’. सगळ्यांत जास्त माणसं गेली ती १८४२ नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत, आणि मग ओघ आटला. माझं याबाबतचं मत असं की कोकणी माणसाला तेवढ्यात दुसरी वाट सापडली. १८५३ मध्ये रेल्वे सुरू झाली, त्याच दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी निघाली, आणि पाच वर्षांच्या करारावर समुद्र ओलांडण्यापेक्षा गलबतानं भाऊच्या धक्क्याला उतरणं त्याला परवडलं. गिरणगाव उभं राहिलं नसतं, तर मॉरिशसच्या पठारावर आज मराठी आडनावं कितीतरी जास्त दिसली असती.

मराठी माणसं कराराच्या अगोदरही तिथे पोचली होती, ती बेड्या घालून. १८१५ पासून बंगाल आणि मुंबई इलाख्यातले जन्मठेपेचे कैदी मॉरिशसला पाठवत. त्यांनी बेटावरचे रस्ते आणि पूल बांधले. चार्ल्स डार्विन १८३६ मध्ये बेटावर काही दिवस होता, तेव्हा हे कैदी त्याच्या नजरेत भरले आणि त्यानं त्यांच्याबद्दल चांगलं लिहून ठेवलं. मजुरांच्या आधी रस्ता आणि रस्त्याच्या आधी कैदी, असा तो क्रम.

बंदरातल्या ज्या घाटावर मजूर उतरत, तो १८४९ मध्ये बांधलेला. आज त्याला आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. काळ्या पायऱ्या चढल्या की नोंदणी. नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण. प्रत्येकाला नंबर. हाच नंबर पुढे जन्मभर त्याच्या मागे असे. कारकून इंग्रज नाही तर फ्रेंच वळणाचे. कानावर पडेल तसं लिहीत. मुलाच्या नावापुढे बापाचं नुसतं नाव लागलं आणि तेच आडनाव झालं. त्यामुळे तिथल्या मराठी घरांची आडनावं सखाराम, भिवाजी, रामजी अशी असतात, आणि मूळचं कदम की सावंत ते हरवून जातं.

१८६४ च्या सुमारास आणखी एक गोष्ट आली, फोटो. पाच वर्षांचा करार संपलेल्या ‘जुन्या’ मजुराला आपल्या फोटोचा पास जवळ बाळगणं सक्तीचं झालं. १८६७ च्या कायद्यानं तर पोलिसांना मोकळं रान दिलं. पास घरी राहिला, नेमून दिलेल्या जिल्ह्याबाहेर सापडला, तर भटक्या म्हणून पकड. हा कायदा आला कधी, तर साखरेला मंदी आली होती, आणि १८६६ पासून मलेरियाची साथ येऊन बेटावर हजारो माणसं मरत होती तेव्हा. पोर्ट लुईतली धनिक घरं डास टाळायला पठारावर क्यूरपीपला गेली. मजुरांना पास दाखवल्याशिवाय शेजारच्या गावातही जाता येत नव्हतं.

आणि मजुरीची कपात. तिला ‘डबल कट’ म्हणत. मजूर एक दिवस कामावर आला नाही तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापायची. म्हणजे आठवडाभर तापानं पडलेल्या माणसाच्या खात्यावर आठवड्याचा शून्य होत नसे, आठवड्याचं कर्ज होई. त्यातून सुटायला आणखी काम, त्यासाठी नवा करार. १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला परतीचं मोफत तिकीटही बंद झालं. तरीही आलेल्यांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास लोक परत गेले, ही त्यांची जिद्द.

या सगळ्यावर पहिला मोठा आवाज उठवला तो एका गोऱ्यानं. आडोल्फ द प्लेव्हिट्झ हा सासऱ्याचा मळा सांभाळणारा माणूस. त्यानं १८७१ मध्ये जुन्या मजुरांच्या वतीनं गव्हर्नरकडे अर्ज लिहिला, आणि त्यावर ९,४०१ मजुरांच्या सह्या आणि निशाण्या घेतल्या. मळेवाल्यांनी त्याला हद्दपार करा म्हणून उलटा अर्ज केला. पोर्ट लुईच्या भर रस्त्यात त्याला मारहाण झाली. पण गव्हर्नर आर्थर गॉर्डननं चौकशी लावून धरली. १८७२ मध्ये दोघांचं रॉयल कमिशन आलं. त्यातला एक, विल्यम फ्रियर, मुंबई इलाख्यात न्यायाधीश राहिलेला. बार्टल फ्रियर गव्हर्नरचा हा भाऊ. १८७५ मध्ये त्यांचा अहवाल निघाला, तो मळेवाल्यांना भोवणारा होता. हिशेबवह्या, पासची दप्तरं, मॅजिस्ट्रेटच्या निकालांच्या नोंदी काढून कमिशननं दाखवलं की कपात कशी होते, पकड कशी होते. १८७८ मध्ये नवा मजूर कायदा आला.

हा अहवाल शक्य झाला तो कागदामुळे, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला चटकन कळतं. मजुराला धाकात ठेवायला सरकारनं त्याचं नाव, नंबर, करार, मजुरी, कपात सगळं लिहून काढलं, आणि शेवटी तेच लिखाण मालकाविरुद्ध साक्षीला उभं राहिलं.

पुढची उलथापालथ पुन्हा भावानं केली. युरोपात बीटची साखर वाढली आणि १८८०च्या दशकात जगभर साखर पडली. मॉरिशसचे मळेवाले कर्जात गेले. डोंगराकडेच्या, दगडाळ, पाण्याला लांब अशा जमिनी त्यांनी तुकडे पाडून विकायला काढल्या. घेणारे होते मळ्यावरचे सरदार, म्हणजे आपल्या भाषेत मुकादम, आणि पै-पै साठवलेले जुने मजूर. फडातले दगड उचलणाऱ्यांच्या नातवांच्या नावावर अशा रीतीनं तोच दगड आणि तीच जमीन आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उसाखालच्या जमिनीतला निदान तिसरा हिस्सा भारतीयांकडे होता. मळेवाल्यांनी औदार्य दाखवलं असं कुणी समजू नये. त्यांनी कारखाना हातात ठेवला आणि शेतीचा धोका दुसऱ्याच्या गळ्यात घातला. ऊस तुझा, काटा माझा.

काटा आणि उतारा यांवरून भांडण व्हायचं ते झालंच. १९३०च्या दशकात छोटे भारतीय शेतकरी ‘ऊबा’ नावाचा ऊस लावत. बारीक, चिवट, हलक्या जमिनीतही टनेज देणारा. पण चोथा जास्त आणि साखर कमी. कुठल्याही केमिस्टला विचारा, गिरणीत तो नको वाटतो. १९३७ मध्ये कारखान्यांनी ऊबाच्या भावात पंधरा टक्के कपात जाहीर केली. छोट्या शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी काम बंद पाडलं, ऊस जाळला. ऑगस्टमध्ये युनियन फ्लाकच्या मळ्यावर जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या, चार माणसं मेली. तो मळा भारतीय वंशाच्याच कुटुंबाचा होता. कातडीच्या रंगावरून सगळं समजून घेऊ पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. चौकशी आयोग बसला, कामगार संघटनांना कायद्यात जागा मिळाली. लेबर पार्टी आदल्याच वर्षी, १९३६ मध्ये, निघाली होती.

गांधीजी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना जहाज अडकल्यामुळे काही दिवस या बेटावर होते. त्यांच्याच सूचनेवरून १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर तिथे गेले, मजुरांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले. १९१० मध्ये नव्या मजुरांची आवक थांबली. आणि १९४८ च्या घटनेनं मत द्यायला मिळकतीऐवजी साक्षरतेची अट घातली, तीही बेटावरच्या कुठल्याही प्रचलित भाषेत. बासदेव बिसुनदयाल आणि त्यांच्या मंडळींनी गावोगावच्या बैठकांत माणसांना नुसतं चार ओळी लिहायला आणि सही करायला शिकवलं. मतदार १२ हजारांच्या आतून ७० हजारांच्या पुढे गेले. अंगठ्याच्या जागी सही आली की काय होतं, हे मॉरिशसमध्ये आकड्यांत मोजता येतं.

स्वातंत्र्य १२ मार्च १९६८ रोजी आलं. दांडीयात्रेची तारीख मुद्दाम निवडलेली. सगळे खूश नव्हते; आदल्या वर्षीच्या निवडणुकीत ४४ टक्के मतं स्वातंत्र्याविरुद्ध पडली होती. आणि किंमत आधीच वसूल झाली होती. १९६५ मध्ये ब्रिटननं छागोस द्वीपसमूह तीस लाख पौंड देऊन तोडून घेतला, दिएगो गार्सियाचा तळ अमेरिकेला दिला आणि तिथल्या रहिवाशांना उचलून बाहेर काढलं. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं, आणि सार्वभौमत्व परत देण्याचा करार मे २०२५ मध्ये झाला. प्रजासत्ताक म्हणून घोषणा १९९२ ची, त्याच १२ मार्चची.

स्वातंत्र्याच्या वेळी निर्यातीतला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग साखर होता. जेम्स मीड या अर्थतज्ज्ञानं त्याआधीच, १९६१ मध्ये, वाढती लोकसंख्या आणि एकच पीक पाहून भवितव्य काळं रंगवलं होतं. तसं झालं नाही. १९७० मध्ये निर्यातीसाठीच्या उद्योगांना करसवलत देणारा कायदा केला. १९७५ पासून युरोपनं दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या चढ्या भावानं घेण्याचं कबूल केलं. बऱ्याच वर्षी तो भाव जागतिक बाजाराच्या दुपटीहून जास्त असे. त्या चांगल्या वर्षांत सरकारनं साखरेच्या निर्यातीवर कर लावला, मळेवाल्यांनी उरलेला पैसा कापडाच्या कारखान्यांत आणि हॉटेलांत घातला. १९८०च्या दशकातच कपड्यांची निर्यात साखरेच्या पुढे गेली. २००९ मध्ये युरोपचा तो करार संपला, तोवर भाव ३६ टक्के उतरवला होता. बेटानं रडारड केली, कारखाने एकत्र केले, चिपाडाची वीज केली, आणि पुढे चाललं. आपल्या साखरपट्ट्यानंही चांगली वर्षं पाहिली. त्या वर्षांचा पैसा कुठे गेला, याची मोजदाद ज्याची त्यानं करावी.

मुंबईकर मॉरिशसला ओळखतात ते वेगळ्याच व्यापारासाठी. १९८२ मध्ये भारताशी झालेल्या दुहेरी करआकारणीच्या करारामुळे मॉरिशसमधल्या कंपनीनं भारतातले शेअर विकले तर नफ्यावर कर भारतात लागत नसे. पोर्ट लुईत एकेका इमारतीत शेकडो कंपन्यांच्या पाट्या लागल्या आणि भारतात येणाऱ्या परकी भांडवलाचा मोठा वाटा या चिमुकल्या बेटावरून आला. २०१६ मध्ये करार बदलून ती वाट बरीच बंद केली. या धंद्याबद्दल मला फारसं प्रेम नाही, एवढंच म्हणतो.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो साखर तंत्रज्ञांच्या अभ्यासदौऱ्यात, नंतर एकदा स्वतःच्या खर्चानं. दुसऱ्या खेपेला पश्चिमेच्या कास्कावेल भागात एका म्हाताऱ्या मराठी शेतकऱ्याकडे गेलो. घरात सगळे तिथली क्रिओल बोली बोलत होते. माझ्याशी मात्र ते शाळेत शिकलेलं, पुस्तकी मराठी बोलले. “आपण कोणत्या जिल्ह्यातून आलात?” मी सांगली म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. त्यांच्याकडे फक्त ‘रत्नागिरी’ एवढा एक शब्द पोचला होता, गाव नाही. मग चहा घेता घेता त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे टनाला भाव काय?” मी सांगितला. “आणि पैसे वेळेवर देतात?” या प्रश्नाला मी हसलो, तेही हसले. उसावर जगलेल्या दोघांना इतिहासापेक्षा हेच जास्त जवळचं.

मराठी तिथे लोकसंख्येच्या दीड-दोन टक्के. पण गणेशचतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. हेन्रिएटा इथे १८९६ मध्ये पहिला उत्सव झाल्याचं सांगतात, म्हणजे पुण्यातल्या सार्वजनिक गणपतीनंतर दोन-तीन वर्षांतच. कोकणातली जाखडी तिथे झाकरी झाली आहे. शाळांत मराठी शिकवतात, मराठी नाटकांच्या स्पर्धा होतात. मोका या गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मजुरांची ती सगळी दप्तरं जपून ठेवली आहेत, फोटोंसकट. नातवंडं-पणतवंडं जातात, नंबर सांगतात, आजोबाचा चेहरा पाहतात.

ती दप्तरं चाळताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या कारखान्याची रजिस्टरं येत होती. लॅबोरेटरीत आम्ही तासागणिक ब्रिक्स लिहीत असू, पोल, प्युरिटी, मळीतली साखर दशांशापर्यंत. काट्यावर प्रत्येक गाडीचं वजन आणि गाडीवानाचं नाव. पण बीड-नगरकडून येऊन तो ऊस पहाटे तोडणाऱ्या बाईचं नाव आमच्या एकाही रजिस्टरात नव्हतं. तिचा कारखान्याशी करार नसतो. उचल मुकादमाकडून, जोडीला मिळून एक कोयता, हिशेब मुकादमाच्या वहीत. आजारपणानं, बाळंतपणानं, पाळीच्या दुखण्यानं एक दिवस फडात गेली नाही की खाडा, आणि खाड्याची रक्कम बऱ्याचदा त्या दिवसाच्या मजुरीहून जास्त. १८७५ च्या कमिशननं मॉरिशसच्या मजुरीतली कपात वह्या उघडून मोजून दाखवली, कारण तिथे उघडायला वह्या होत्या. इथला खाडा मोजायला आयोग बसवला, तर तो कुठली वही मागवणार?

अलीकडे ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झालं आहे, ओळखपत्रं देण्याचं काम सुरू झालं आहे. ते चांगलंच. पण ओळखपत्र म्हणजे करार नव्हे. माझ्या क्षेत्रातल्या मंडळींना माझं सांगणं आहे, विशेषतः जे आज कार्यकारी संचालकांच्या खुर्चीत आहेत त्यांना: येत्या गळीत हंगामाचा बॉयलर पेटवण्याआधी प्रत्येक कोयत्याचा करार कारखान्याच्या नावानं, दोघांच्या नावानिशी, लेखी करा. उचल किती, दर किती, कपात कशाची आणि कशाची नाही, हे त्यात लिहा. आणि त्याची एक प्रत तोडणाऱ्या बाईच्या हातात द्या.